मेनूतलं शेवटचं घर

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मी संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकत होतो. चाळिशी उलटली होती, नोकरी कॉलेजच्या कार्यालयात. कॉलनीत टँकर आला की भांडणं व्हायची. कुणी दोनदा भरून न्यायचं, कुणाला थेंब मिळायचा नाही. आपल्या हातून काही चांगलं व्हावं म्हणून मी पाणीवाटपाचा प्रोग्राम लिहितो म्हणालो. सोसायटीच्या चिटणीसकाकांनी लगेच सभेत ठरवून टाकलं, की संगणकात नाव दिसेल त्यालाच पाणी. ओळखपाळख बंद.

प्रोग्राम साधा होता. पडद्यावर उघडणाऱ्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर 'घरं' नावाचा मेनू. त्यावर दाबलं की सगळ्यांची नावं एकाखाली एक उघडायची, नावावर दाबलं की पाणी दिल्याची नोंद व्हायची. पहिल्यांदा मेनू दिसलाच नाही. तयार केला होता, खिडकीला जोडायचा राहिला होता. दुसऱ्यांदा दिसला, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ही दोन्ही दुखणी मी घरीच निस्तरली.

तिसरं दुखणं टँकरपुढं निघालं. काकांच्या ओसरीवर संगणक मांडला होता. मेनू उघडला, पण पडदा संपला तरी नावं संपली नाहीत. शेवटचं घर पडद्याच्या खाली गेलं. ते घर ज्यांचं, त्या मावशी दोन घागरी घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ आठवड्याचंही नव्हतं.

"तुमचं नाव दिसत न्हाई, मावशी," काका म्हणाले.

"आहे हो, खाली आहे," मी म्हणालो.

"खाली म्हंजे कुठं? टेबलाखाली?"

"मी तुमच्या कंप्युटरात नसंन," मावशी म्हणाल्या, "पन हितं तर हाय की. लेकराला न्हाऊ घालायचंय. काय सांगू त्याला, मेनू उघडंना म्हनून?"

काका माणूस वाईट नव्हते. पण आज एकाला सोडलं तर उद्या सगळे अंगावर येतील, ही त्यांची भीती खरी होती. मी खुर्चीत बसलो. अक्षर बारीक केलं, तर काकांना वाचता येईना. मग मेनूचे दोन भाग केले, मंदिराकडची घरं आणि टाकीकडची घरं. सगळी नावं मावली. मला वाटलं, सुटलो.

पण ते दिवस उदगीरचा नवा जिल्हा होणार, या चर्चेचे होते. माझ्या मुखेडकडच्या गावात, आपण नांदेडातच राहायचं की उदगीरला जायचं, यावरून सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. इथं मी तर दोन भाग करून पट्टीवर एक आधी आणि एक नंतर ठेवला होता.

"आमी दुसरे कसे काय?" टाकीकडचे एक शेंगदाण्याचे व्यापारी म्हणाले. "टाकी आमच्याकडं. मुख्यालय आमच्याकडंच पायजे."

"मंदिर जुनं का टाकी जुनी?" पलीकडून कुणीतरी.

प्रत्येक मेनूच्या डोक्यावर एक तुटक रेघ आपोआप येते. तिच्यावर दाबलं की तो मेनू सुटा होऊन वेगळ्या खिडकीत तरंगायला लागतो. वादावादीत व्यापाऱ्यांनी माऊस ओढून घेतला आणि नेमकं तिथं दाबलं. टाकीकडचा भाग निखळून पडद्याच्या मधोमध आला. टाकीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या.

टँकरवाला खाली उतरला. "जिल्हा झाला की आवाज द्या, सर. मी च्या पिऊन येतो."

मंदिराकडचे लोक हे फुटणं मान्य करीनात. शेवटी काकांनी फर्मावलं, पहिल्यासारखा एकच मेनू करा. केला. मावशी पुन्हा पडद्याखाली गेल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वरची तुटक रेघच जागा खातेय. ती काढली तर शेवटचं नाव बरोबर बसेल. मी तसं सांगितलं.

"रेघ काढायची न्हाई," व्यापारी म्हणाले. "ती आमची हाय. उद्या वेगळं व्हायचं झालं तर दाबायचं कुठं?"

ऊन चढत होतं. मावशींनी घागरी खाली ठेवल्या आणि त्या माझ्याकडं बघत राहिल्या. एक नाव निघालं तरच त्यांचं वर येणार होतं. मी माझं घर काढून टाकलं. मावशींचं नाव दिसलं, काकांनी ते दाबलं, घागरी भरल्या.

थोड्या वेळानं आमची मंडळी कळशी घेऊन आली.

"वहिनी, तुमचं घर दिसत न्हाई," काका म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी संगणकाकडं पाहिलं. तोवर मावशींनी एक घागर उचलून अर्धी तिच्या कळशीत रिकामी केली.

"असं देता येत न्हाई, मावशी. नोंद तुमच्या नावावर झालीय."

"माझ्या नावावर झालीय ना? मंग पानी माझं हाय. मी कुनालाबी देईन."

कळशी घेऊन आम्ही घराकडं निघालो. वाटेत ती म्हणाली, "काढायचंच होतं तर काकांचं नाव काढायचं. त्यांच्या अंगणात बोअर हाय."

मला ते सुचलंच नाही, असं मी म्हणालो. सुचलं होतं. माझं बोट आधी त्यांच्याच नावावर गेलं होतं. पण ते शेजारीच उभे होते.