आतड्याची तार आणि गादीचं दुकान

किस्से ठरवून जमत नाहीत. चार माणसं दर रविवारी एका जागी बसली, की अधूनमधून एखादा आपोआप पदरात पडतो. आमच्याकडे तर इतके साठलेत, की मी एक सांगायला घेतला की बाकीचे तिघं म्हणतात, "तो नको, तो दुसरा सांग."

आम्ही चौघं शहाद्याचे. गणिताचे गिरासे सर, दातांचे डॉक्टर चौधरी, गादी-सोफ्याचं दुकान असलेले सलीमभाई आणि मी, धडगावला सरकारी नोकरीत. नाद एकच: युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं वाद्यवृंदाचं संगीत, बरोक. तेही त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर वाजवलेलं. व्हायोलिनला पोलादी नाही, मेंढीच्या आतड्याची तार. एकच रचना दोन-तीन वाद्यवृंदांची लावायची आणि कुणाची सरस, यावर भांडायचं. बैठक सलीमभाईंच्या दुकानात, कारण तिथे चहूबाजूंनी फोम रचलेला. आवाज अजिबात घुमत नाही.

पहिल्यांदा जुन्या वाद्यांची रेकॉर्ड लावली, तर पाठ असलेली रचना खालच्या सुरात ऐकू आली. डॉक्टरांनी निदान केलं की प्लेअर हळू फिरतोय. दुपारभर खपून त्यांनी मोटर खोलली, पट्टा बदलला, वेग वाढवला. मग सरांनी चष्मा लावून रेकॉर्डचं कव्हर वाचलं. त्या काळी वाद्यं लावायचीच अर्धा सूर खाली.

सलीमभाई म्हणाले, "मतलब डॉक्टरसाब, अच्छा-भला दांत निकाल दिया."

वेग पूर्ववत होईपर्यंत महिनाभर त्या प्लेअरवर झाडून सगळे गायक बायकी आवाजात गात होते.

एकदा अक्कलकुव्याहून एक कुटुंब लेकीच्या लग्नाची गादी घ्यायला आलं. एका रचनेचा संथ भाग चालू होता आणि आम्ही चौघं माना खाली घालून बसलेलो. आजीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि आमच्या शेजारी टेकल्या. थोड्या वेळाने सलीमभाईंना हळूच विचारलं, "भाऊ, कोन मरी गयं?"

कुणी नाही, हे सांगून त्यांना पटेना. अशा दिवशी लग्नाची खरेदी नको म्हणून ते निघून गेले. तेव्हापासून दुकान उघडं असलं की संथ भागाला बंदी आहे.

धडगावच्या जीपमध्ये एकदा ड्रायव्हरने कौतुकाने माझा मोबाईल स्पीकरला जोडू दिला. या संगीतात मागे हार्पसिकॉर्ड नावाची पेटी असते, तिच्या तारा सतत खणखणतात. घाटात त्याने गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं, स्टेपनीचा बोल्ट आवळला. गाडी निघाली, खणखण सुरूच. दुसऱ्या वळणावर त्याने सगळ्यांना उतरवलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी गाणं बंद केलं. तो समाधानाने म्हणाला, "बघा मॅडम, सापडलं. सीटखालचा जॅक होता."

एका मैफलीच्या रेकॉर्डिंगवर आमचे तीन रविवार गेले होते. सलीमभाईंची बायको, शबाना भाभी, चहा घेऊन आल्या, घटकाभर थांबल्या आणि म्हणाल्या की यात कुणाला तरी खोकला झालाय. खरंच होता. आता आम्हाला त्यात खोकल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

सर आणि डॉक्टर दोघं मूळचे कळसाडी गावचे, एका वर्गातले. एकाच रचनेच्या दोन रेकॉर्डिंगवरून त्यांचं फाटलं. डॉक्टरांना वेगवान आवडायचं, सरांना संथ. डॉक्टर म्हणाले, सरांचं रेकॉर्डिंग शुगरवाल्यांच्या मॉर्निंग वॉकसारखं आहे. सरांना खरंच शुगर. त्यांनी आपल्या रेकॉर्ड उचलल्या आणि यायचं बंद केलं. रविवार ओके-बोके झाले. कुणीच माघार घेईना.

मग सरांची दाढ ठणकायला लागली. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला ते तयार होईनात आणि चौधरींकडे जायला धजेनात. शेवटी गाल एवढा सुजला, की मीच त्यांना ओढत नेलं.

डॉक्टरांनी सरांना खुर्चीत बसवलं. सुई दिली, मोबाईलवर स्वतःचं वेगवान रेकॉर्डिंग लावलं आणि मशीन सुरू केलं. दुखलं तर हात वर करायचा, हा त्यांचा नियम. सरांनी हात वर केला.

"दुखी ऱ्हायनं का?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी नकारार्थी मान हलवली आणि मोबाईलकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मशीन बंद केलं. मग हातमोजे काढून त्यांनी स्वतः सरांचं संथ रेकॉर्डिंग शोधून लावलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. दाराशी उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सरांनी पुन्हा हात वर केला. डॉक्टरांनी तोंडातला कापूस काढला. बधिर जिभेने सर म्हणाले,

"पहिलंच लाई दे भो. लवकर उरकी जाई."