हत्तरकी सरांच्या शेजारी-शेजारी याद्या

आमच्या शाळेत २००१ साली पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्याच्या विरोधात होतो आणि आजही फारसा बाजूने नाही. माझं अक्षर चांगलं. निकालपत्रकं वीस वर्षं मीच लिहायचो आणि ते काम त्या पेटीनं काढून घेतलं. पेटीपुढे जाऊन बसले ते प्रभुलिंग हत्तरकी. विज्ञान शिकवायचे. मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम.

या माणसाला एक खोड होती. कुठलाही कागद एकटा म्हणून वाचायचा नाही. हजेरीपट बघायचा तर शेजारी दाखल्यांचं रजिस्टर उघडं पाहिजे. लग्नपत्रिका आली तरी शेजारी कॅलेंडर धरून तारीख-वार जुळतो का ते तपासायचे. एकदा वार चुकलेला निघाला तर मुलीच्या बापाला फोन करून कळवलं. बिचाऱ्याच्या तीनशे पत्रिका वाटून झाल्या होत्या.

कॉम्प्युटरवर मात्र सरांची पंचाईत झाली. एक्सेलची दुसरी फाईल उघडली की पहिली तिच्याखाली दडून बसायची. आठवडाभर त्यांचं कानडी आम्ही ऐकलं. मग त्यांनी शोधून काढलं की एक्सेलच दोनदा उघडायचं. एक खिडकी ओढून पडद्याच्या डाव्या अर्ध्यात बसवायची, दुसरी उजव्या अर्ध्यात. त्या दिवशी साऱ्या स्टाफरूमला भडंग मिळालं.

"दोन-दोन एकदम बघून मिळतं काय हो?" मी खवचटपणे विचारलं.

"एकटी यादी काय बी सांगती, सर. दुसरी शेजारी बसवली की तिला थापा मारता येत न्हाईत."

मी हसलो. हसायला माझं काय जात होतं?

२००५च्या जुलैअखेर पंचगंगा पात्राबाहेर आली आणि आमच्या शाळेची पूरग्रस्तांची छावणी झाली. वर्गावर्गांत माणसं, व्हरांड्यात धुणी. मी भाताच्या पंगतीवर आणि हत्तरकी सर यादीवर. शहरात आणखी पाच शाळांत अशाच छावण्या होत्या. रोज सकाळी तहसील कचेरीतला शिपाई सगळ्यांच्या याद्या फ्लॉपीवर आणून द्यायचा, म्हणजे कुणाचं माणूस कुठं आहे ते कळावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नव्वा आली. साठीच्या पुढची, नदीकाठच्या गावातली. नावेतून निघाली ती भलत्याच वस्तीच्या माणसांत सापडली आणि दोन दिवस कुठल्याशा देवळात काढून आमच्याकडं पोचली. नवरा कुठं आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

"मालकांचं नाव सांगा, आज्जी," सर म्हणाले.

"नाव कसं घिऊ? त्येंचं नाव तोंडानं घ्यायचं नसतंय."

"लग्नात घेतलंसा की!"

"घेतलतं एकदा. ते बास."

आडनाव तेवढं सांगितलं, चौगुले. त्या गावात निम्मं गाव चौगुले! मला राग आला. जीव टांगणीला लागलाय आणि ही बाई रीत सांभाळतेय! सर मात्र शांत. डावीकडे आमची यादी, रत्नव्वाच्या ओळीवर. उजवीकडे एकेका छावणीची यादी आणायची आणि एकेक चौगुले मोठ्यानं वाचायचा. तिनं नुसती मान हलवायची.

सोळा चौगुले झाले. सोळा वेळा मान आडवी हलली. पाचवी यादी संपली तेव्हा मान हलवायलाही एकही चौगुले उरला नव्हता.

त्याच सकाळी पंगतीत मी ऐकलं होतं की वरच्या अंगाला एक म्हातारा वाहून गेला. ते मी कुणाला बोललो नव्हतो. आता तोच म्हातारा मला आठवला. रत्नव्वा रडली नाही. सोबत आणलेल्या ट्रंकेवर हात ठेवून बसून राहिली आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"शेवटचं बघितलंसा तवा मालक काय करत हुतं?" सरांनी विचारलं.

"नाववाला म्हशीला घेईना. तर ह्ये म्हणालं, तू जा म्होरं, मी गंगीला घिऊन माळावरनं येतो."

सरांनी कपाळावर हात मारला. फ्लॉप्यांच्या ढिगात जनावरांच्या छावणीचीही एक होती, वैरणीच्या हिशेबासाठी केलेली. माणसं शोधायला ती कोण उघडणार?

"गंगीची खूण काय?"

"डावं शिंग मोडलंय. कपाळाला पांढरा ठिपका."

उजवीकडची खिडकी बदलली. मालक, गाव, जनावर, खूण असे रकाने. सर खुणांच्या रकान्यावरून खाली सरकत गेले. गाई, रेडकं, बैल आणि मग थांबले. 'म्हैस, डावे शिंग अर्धे, कपाळ पांढरे.'

सरांनी शेजारचं नाव वाचलं, "सोमलिंग बसाप्पा चौगुले."

रत्नव्वानं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मान मात्र हलली, उभी. मग ती रडली, अगदी मोकळी. माझाही जीव भांड्यात पडला, आणि खोटं कशाला सांगू, चष्मा पुसावा लागला.

यादीच्या डोक्यावर जनावरांच्या डॉक्टरांचा मोबाईल नंबर होता. तिसऱ्यांदा लागला. डॉक्टरांनी बोलावून आणलेल्या म्हाताऱ्याचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला, "गंगी ब्येस हाय!"

"तीन दिस जीव खाल्लासा माजा, आनि म्हशीचं सांगतासा व्हय?" रत्नव्वा कडाडली. "तुमी कसं हायसा?"

"मी हाय की."

फोन ठेवल्यावर ती कॉम्प्युटरपाशी आली. अक्षरओळख नव्हती. "ह्यात मी कुठं?" सरांनी डावीकडं बोट ठेवलं. "आनि ते?" उजवीकडं. तिनं दोन्हीकडं नीट बघितलं आणि मधल्या रेघेवर बोट टेकवलं.

"ह्ये मधी काय?"

"दोन वेगळ्या याद्या हाईत, आज्जी. त्येंची हद्द."

"मग मला तिकडं घाला की. म्हशीच्या खाली घातलं तरी चालंल."

मी म्हणणार होतो की माणसाचं नाव जनावरांच्या यादीत जात नाही, कचेरी विचारेल. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डावीकडची ओळ उचलून त्यांनी गंगीच्या खाली नेऊन ठेवली आणि उजवी खिडकी ओढून सगळा पडदा भरून टाकला.