अकरा शून्यं

प्रोग्राम बंद पडला नाही म्हणजे तो बरोबर चालला — असं तुम्हालाही वाटतं का? मला वाटायचं. पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

मी निषेधाच्या पत्रकांच्या घरातला. वडील लिहायचे, मी घड्या घालून आमच्या बोथ गावच्या बाजारात वाटायचो. अन्याय दिसला की बोलायचं, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. आणि बोलायची वेळ आली तेव्हा? — थांबा, क्रमानं सांगतो.

चार वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशयादीचा प्रोग्राम मी लिहिला. शिक्षकांनी मोबाइलवरून गुण भरायचे, प्रोग्रामनं यादी लावायची. फॉर्ममधून येतो तो नुसता मजकूर. त्याची संख्या करावी लागते. त्याचे दोन मार्ग. एकात आकडा समजला नाही तर प्रोग्राम तिथेच अडतो. दुसऱ्याला ‘सुरक्षित’ म्हणतात — तो अडत नाही. जमलं की नाही एवढं सांगतो, आणि जमलं नसेल तर शून्य ठेवून पुढे जातो. जमलं का, हे विचारणारी एक ओळ आपण लिहायची असते. एक ओळ! मी लिहिली नाही.

सुनंदाबाई बोथकडच्याच एका मराठी शाळेत कंत्राटी शिक्षिका. त्यांनी अकरा मुलींचे गुण मराठी कीबोर्डवरून, मराठी अंकांत भरले. माझ्या प्रोग्रामला फक्त इंग्रजी अंक कळत होते. अकराही जणी शून्यावर, यादीच्या तळाशी. जागा दुसऱ्यांना गेल्या.

वसतिगृहाच्या प्रवेश समितीची बैठक बसली. त्या शून्यांचं कारण मला आदल्या दिवशीच सापडलं होतं. हे नीट वाचा — आदल्या दिवशी.

“काऊन बाई, अकराच्या अकरा पोरी शून्यात? शिकवता का झोपा काढता?” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले.

“सर, मी तं बरोबरच भरलं. हे पाहा ना, मोबाइलात एक्क्याऐंशी दिसून राह्यलं.”

“मंग कंप्युटर खोटं बोलते काय?” अध्यक्ष माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, “फॉर्म काळजीपूर्वक भरायला हवा होता.”

बाहेर बाईंनी मला गाठलं. “भाऊ, माह्यं कुठं चुकलं तेवढं दाखवजो. पुढच्या खेपेस तसं नाही करन.” मी घाईत आहे म्हणालो. पुढची खेप आलीच नाही. त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. आणि ती राहिलेली ओळ? घरी येऊन गुपचूप घातली. दोन मिनिटं लागली.

मग आठवड्याभरात मी पत्रक काढलं — मराठी शाळांतल्या मुलींना डावलणाऱ्या अधिकाऱ्यांचा जाहीर निषेध! लोकांनी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. किती चीड यावी माणसाला स्वतःची?

नोकरी नवी होती, घाबरलो होतो — सगळं खरं, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. माफी मागत नाही. पण बाई आजही कुठल्या शाळेत अर्ज करतात तेव्हा ती बैठक त्यांच्या आधी तिथे पोचलेली असते. म्हणून बोथकडे तुमच्यासमोर कोणी म्हणालं, की या बाईंना साधा फॉर्म भरता येत नाही, तर त्याला तिथेच अडवा. बाईंनी बरोबर भरलं होतं — सगळ्यांसमोर सांगा.