एकच स्तोत्र

बायकोला माती देऊन आलो आणि दुपारभर ओसरीवर नुसता बसून राहिलो. कबरीपाशी पास्टरांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे बायबलातलं जुनं स्तोत्र वाचलं होतं. ते कानांवरून गेलं.

कबरीपाशीही हजर असलेले शेजारचे एलिजाकाका आले. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी.

“तुमच्या येशूला त्याच्या आईने ते हिब्रूत शिकवलं असेल. ऐक,” म्हणाले, आणि डोक्यावर टोपी घालून तेच स्तोत्र म्हणू लागले.

ख्रिस्ती धर्मविचाराची मुळं यहुदी प्रार्थनेत आहेत, असं मी पास्टर घडवणाऱ्या सेमिनरीत वीस वर्षं शिकवलं. त्या मुळांना असा खोकल्याने अडणारा म्हातारा आवाज असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. तरीही डोळे कोरडेच राहिले.

“आमेन,” काका म्हणाले.

माझ्याही तोंडून तेच आलं. सकाळपासूनचा माझा तो पहिला शब्द होता.