आधी माह्या गाडीले

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे दहा. स्थळ: पुसद, उमरखेडच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावरची टपऱ्यांची रांग. हजर: मी, बाबा, बाबांची मोटरसायकल आणि मिस्त्री. मोटरसायकल टेम्पोतून आली होती, बाबा ऑटोतून. स्वतःच्या बळावर येण्यासारखं दोघांपैकी कोणीच नव्हतं.

मी अकरा कलमांची यादी नेली होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बाहेरगावाहून मागवलेली नवी कोरी कॉईल तेवढी त्यांनी हातात घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून हुंगली.

"डांबर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आत डांबर भरलं हाये. उन्हात पाघळन. मंग तुमी ढाणकीच्या रस्त्यावर उभ्या अन् बाबा वावराच्या धुऱ्यावर बसले." मग शर्टाच्या खिशातून दोऱ्याला बांधलेला लोहचुंबकाचा तुकडा काढला आणि कॉईलच्या पितळी टोकाजवळ धरला. तुकडा टकदिशी चिकटला. "पाहा. पितळेले चुंबक चिपकते का कधी? आत लोखंड, वरून पितळेचं पाणी."

"पण पावती आहे, मिस्त्री. सीलबंद आली होती. बॅच नंबरसुद्धा आहे."

"तुमी कागद वाचता ताई, मी वस्तू वाचतो."

मी दवाखान्याच्या औषधभांडारात पंचवीस वर्षं काढली आहेत. मुदत, बॅच, आवक, जावक. कागद वाचते म्हणून मला आजवर कोणी हसलं नव्हतं. बाबा मात्र खुर्चीत बसून खो खो हसले. आजारपणात त्यांना असं हसताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहिलं.

ही मोटरसायकल माझ्याहून वर्षाने मोठी. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला, त्यामुळे तिचे अस्सल सुटे भाग मिळत नाहीत. मिळतात त्या नकला, नाहीतर दुसऱ्या गाड्यांचे जुळवून घेतलेले भाग. पुसदेत तशा दोनच गाड्या उरल्या होत्या. एक आमची, दुसरी मिस्त्रींची. म्हणून त्यांच्याकडे गेलो.

तुम्ही जुन्या गाड्यांची विजेची कामं करणारे पुष्कळ पाहिले असतील. भाग लावतात, दिवा पेटतो, काम झालं. मिस्त्रींची रीत वेगळी होती. गिऱ्हाइकाच्या गाडीचा कुठलाही भाग ते आधी स्वतःच्या गाडीवर बसवायचे, पंधरा दिवस फिरवायचे आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा असला तरी तारा जोडून, पट्टीने बांधून कसा ना कसा बसवायचेच. कोणी घाई केली की म्हणायचे, "आधी माह्या गाडीले, मंग तुमच्या."

"पण लावून पाहिला ना? पेटला ना दिवा?" मी विचारायची.

"थंड्यात सगळेच इमानदार राह्यतात ताई. गरम होऊ द्या, मंग समजते कोन कोनाचा."

या रीतीमुळे त्यांची स्वतःची गाडी दर पंधरवड्याला कुठेतरी बंद पडलेली असायची. भर बाजारात घामाघूम होऊन गाडी ढकलत जाणारे मिस्त्री हे आमच्या गावचं नेहमीचं दृश्य. आपापल्या दुकानातून लोक ओरडायचे, "मिस्त्री, कोनाचा नापास झाला?"

"मास्तरचा कंडेन्सर!" हे आनंदाने ओरडून सांगायचे. "दहावा दिवस होता. पाच दिवस अजून दम धरला असता तं सुटला असता लेकाचा!"

आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना नवा कंडेन्सर शोधायला लावायचे. मास्तर चिडायचे. भर रस्त्यात आपण बंद पडलो नाही, आपल्या वतीने कोणीतरी पडलं, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नसावं. माझ्याही उशिराच आलं.

आमची यादी हळूहळू पुढे सरकली. कॉईल तिसऱ्या खेपेला पास झाली. वायरिंग त्यांनी नवं ओढलं. दर रविवारी मी जायची, टिपणं घ्यायची. एकदा माझी वही पाहून म्हणाले, "ताई, तुमचं बरं हाये. तुमी लिवून विसरता. मले डोक्शात ठेवून आठोन ठेवा लागते." दुपारी घरून आलेला डबा उघडला की भाकरीचा तुकडा माझ्यासमोर धरायचे. नको म्हटलं तर, "घ्या जी. माह्या बायकोच्या हातची हाये. पारखलेली हाये, तीस वर्सं झाले." ते बंजारा. घाटाच्या पायथ्याशी तांड्यावर राहायचे, रोज सकाळी यायचे आणि उजेड असेतो परत जायचे. पारखीचा भाग गाडीवर असला की अंधारात घाट उतरायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

शेवटी एकच कलम उरलं. रेग्युलेटर. हाताच्या पंजाएवढी डबी असते ती. इंजिन जोरात फिरलं की वीज वाढते, तिला ही डबी आवर घालते. ती बिघडली तर वीज मोकाट सुटते आणि पुढचा-मागचा दिवा एकदम जळून जातो. दोन महिने शोधून मी एक मिळवला. त्याच आठवड्यात नागपूरहून बाबांच्या ऑपरेशनची तारीख आली. हातात पाच दिवस होते.

बाबांना ऑपरेशनच्या आधी एकदा आपल्या गाडीवरून ढाणकीला जाऊन त्यांच्या भावाला भेटायचं होतं. काका नव्वदीचे, बाबा ब्याऐंशीचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. बाबांना ते न सांगताही कळलं होतं.

मी दुकानात गेले. डबी पुढे ठेवली.

"मिस्त्री, ही लावून द्या. पंधरा दिवस नाहीत माझ्याकडे."

त्यांनी डबी हुंगली. चुंबक लावला. तळहातावर तोलली. "दिसाले तं बरा दिसते. पन दिसाले बरा, एवढंच."

"चालेल."

"तुमाले चालन. म्हातारा मानूस मांगं बसनार हाये, त्याले कायले जुव्यावर लावता?"

मी चिडले. म्हणाले, "मग काय करू? बाबांना सांगू का, पंधरा दिवस थांबा म्हणून? तुमच्या रीतीपायी त्यांचं राहून जाईल."

मी असं बोलले. शब्द हेच होते.

 ते उठून स्वतःच्या गाडीपाशी गेले, सीट काढली आणि पाना लावून आपला रेग्युलेटर सोडवला. "हा घ्या. अकरा वर्सं झाले, एक दिवस धोका नाई देल्ला. हा बाबाच्या गाडीले. तुमचा मी माह्या गाडीवर फिरवतो. पास झाला की अदलाबदल करू."

"बघा हं," मी म्हटलं. एवढंच. आणि वहीत लिहिलं: रेग्युलेटर, बसवला. पुढे बरोबरची खूण केली.

ढाणकीची ती फेरी आयुष्यात विसरणार नाही. मी चालवत होते, बाबा मागे. रस्ताभर "पोरी, हार्न वाजव, पोरी, हार्न वाजव." काकांच्या दारात दोघं भाऊ गाडीभोवती उभे राहून अर्धा तास नुसते तिच्यावर हात फिरवत होते. येताना दिवस बुडाला. हेडलाइट एकदाही लुकलुकला नाही. बाबा कानाशी म्हणाले, "मिस्त्रीनं सोनं केलं."

चौथ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. बाबांचं ऑपरेशन झालं. बाबा वाचले. दहा दिवसांनी परत आलो तेव्हा कळलं की मिस्त्री गेले.

ते गेले त्या संध्याकाळी एका ट्रॅक्टरवाल्याचा स्टार्टर अडला होता. शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊन मुक्कामाला पोचायचं होतं, म्हणून मिस्त्री थांबले आणि उजेडाचा नेम मोडला. घाटाच्या वळणावर उसाची एक ट्रॉली चाक निखळून उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. मिस्त्रींच्या गाडीलाही, तेव्हा, नव्हता.

मी दुकानाशी गेले. दार बंद होतं. शेजारच्या टायरवाल्याने मोडकी गाडी आपल्या छपराखाली आणून ठेवली होती. पुढचा दिवा फुटलेला. मागच्या दिव्याची काच मात्र शाबूत, आणि आतला बल्ब कोळशासारखा काळा.

"वीज जास्त झाली," टायरवाला म्हणाला. "पन त्याच्या गाडीत असं होते कसं? त्याचा रेग्युलेटर तं बंदा रुपया होता." बोलता बोलता त्याने बल्बवरची धूळ पुसली. कोणाचा नापास झाला, हे या वेळी कोणीच विचारत नव्हतं.

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी दुकान आवरायला आल्या. मी मदतीला गेले. स्क्रू एका डब्यात, तारा एका, ओळखू न येणारे भाग वेगळे. हे काम मला येतं. दोन तास आम्ही दोघी निवडत बसलो. मग त्यांनी पदराने हात पुसले.

"बाई, एक इचारू? सगळ्याइले पारखून देत होते ते. मले म्हनत, माह्या हातानं कोनाचा घात होनार नाई. मंग त्याइच्याच गाडीत असा माल कोठून आला? कोनी देल्ला?"

मी म्हणाले, "मी विचारून सांगते, वहिनी."

तुम्ही माझ्या जागी काय म्हणाला असता, मला माहीत नाही. मी अजून विचार करते.

बाबा आता अंगणात काठीशिवाय चालतात. मिस्त्री गेले हे त्यांना ठाऊक आहे, बाकीचं नाही. गाडीवर हात ठेवून ते डोळे पुसतात आणि मला चालू करायला सांगतात. ती पहिल्याच किकला चालू होते. दुसऱ्या मिस्त्रीकडून तो रेग्युलेटर काढून घ्यावा म्हणून मी एकदा निघाले आणि बाबांनी कुठे चाललीस विचारल्यावर पेट्रोल भरून परत आले. तांड्याच्या फाट्यापर्यंत दोनदा गेले. एकदा तर वहिनी दूर हातपंपावर दिसल्यासुद्धा.

काल त्यांचा पुन्हा फोन आला.

"बाई, इचारलं का जी कोनाले?"

"अजून नाही, वहिनी."

"बरं. तुमाले कामं असतात. सवडीनं इचारा."

फोन ठेवला. वहीचं पान भरलं होतं. उरलेलं ते एक कलम पुढच्या पानावर उतरवून घेतलं: तांड्यावर जाऊन वहिनींना सांगणे.