पाट्या रंगवणारा

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. तिथे पाट्या रंगवायला एक माणूस यायचा. सगळे त्याला नुसतं पेंटर म्हणत. नाव मीही कधी विचारलं नाही. ब्रश टेकवण्याआधी तो एक डोळा मिटून पत्र्याकडे बघत राहायचा. एकदा त्याने ‘चौकशी’च्या मात्रांवर हिरवा पोपट बसवला. पेठ-सुरगाण्याकडची निरक्षर माणसं त्या खुणेने बरोबर खिडकीशी येऊ लागली. साहेबांना ते खपलं नाही. पाट्या ठरलेल्या नमुन्यातच रंगवाव्यात, असा आदेश निघाला. तो मीच टाइप केला. पेंटरने पोपट पुसला. पुढे तो नोकरीत कायम झाला.

दहा वर्षांनी मी पंचवटीत घर बांधलं आणि नावाच्या पाटीसाठी त्याला बोलावलं.

“कसं लिहू, भाऊसाहेब?”

“तुमच्या मनाने लिहा.”

त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, “मनानं लिहायची सवय गेली आता. तुम्ही कागदावर काढून द्या.”

मी काढून दिलं. माझं गिचमिड अक्षर त्याने हुबेहूब पाटीवर उतरवलं, ओळीखाली घसरलेल्या शेवटच्या अक्षरासकट.