गालाला लावलेलं फडकं

फडकेबाई हे तिचं आडनाव नव्हतं. तलावाच्या धक्क्यावर ती होड्या तपासायची. हातात कायम पांढरं फडकं असायचं, म्हणून कुणीतरी फडकेबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. एकदा वरच्या ऑफिसातला माणूस "फडके मॅडम आहेत का?" असं विचारत आला. ती म्हणाली, "मॅडम नाहीत. फडकं आहे. चालेल?"

मी तिथे विंच चालवायचो. गाड्यावरची होडी उतारावरून दोराने हळूहळू पाण्यात सोडायची, संध्याकाळी परत ओढून घ्यायची. माझ्या विंचच्या अलीकडे तिची जागा होती. पत्र्याची शेड, गरम पाण्याची टाकी, जाड नळी, ब्रश आणि फडकी वाळत घातलेली दोरी. ती हो म्हणाल्याशिवाय मी खटका सोडायचा नाही, हा आमचा नियम. बाकी बऱ्याच गोष्टींवरून आम्ही भांडलो, पण या एका गोष्टीवरून कधी वाजलं नाही.

धक्क्यावर येण्याआधी ती एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. आयुष्यभर चादरी धुतल्या. "धुवायला कुणालाही येतं," ती म्हणायची, "वाळवायला अक्कल लागते." चादरीचा एक कोपरा दमट राहिला तर सगळ्या गठ्ठ्याला वास लागतो. तो कोपरा शोधायचं तिचं तंत्र तिथलंच. कापड ती बोटांनी चाचपायची नाही, गालाला लावायची. "बोटं दिवसभर पाण्यात. त्यांना ओलं काय नि कोरडं काय! गालाला बरोबर कळतं."

फडकीही तिथलीच, बाद झालेल्या चादरींची. प्रत्येकाला चारी बाजूंनी शिवण घातलेली. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "सुटलेला धागा फटीत अडकला तर मला तो शेवाळ्याचा तुकडा वाटेल. अर्धा तास त्याच्यामागे जाईल." कामाचं असं आधीच बघून ठेवणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. डोंगरापलीकडे दुसरा तलाव आहे. तिथे कुणाच्या तरी होडीच्या तळातल्या पाण्यातून शिंपले आले. नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, दिसायला सुंदर. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, चमचाभर पाण्यात मावतात. तिथल्या विंचची साखळी मोकळी करायला मला बोलावलं होतं. साखळी दिसतच नव्हती. छिन्नी आणि हातोडा घेऊन मी शिंपले फोडत बसलो, हाताची सालटं निघाली. पुढच्या मोसमात साखळी पुन्हा तशीच. पाण्याचे पाइप तुंबले. किनाऱ्यावर अनवाणी चालायची सोय राहिली नाही, पाय चिरतात. एकदा आलेले ते शिंपले काही केल्या जात नाहीत. येऊ न देणं एवढंच हातात असतं.

म्हणून आमच्याकडे नियम होता. बाहेरून धक्क्यावर येणारी प्रत्येक होडी पूर्ण कोरडी पाहिजे. कुठेही ओल सापडली की ती गरम पाण्याने धुवायची आणि पाच दिवस उन्हात मांडणीवर ठेवायची. गरम पाणी दोराच्या पिळात, फळ्यांच्या सांध्यात पोचेलच असं नाही. ऊन आणि वारा मिळून पोचतात.

बाईची तपासणी ठरलेली. आधी नजर, मग हात, मग फडकं. तळाचं बूच काढायचं, बैठकीखाली वाकायचं, फडकं सांध्यात दाबायचं, मग गालाला. घडी घालून खिशात ठेवलं की होडी पास. नुसतंच हातात धरून राहिली की समजायचं, नापास. माणसं लांबूनच तिच्या गालाकडे बघत उभी राहायची.

नापास झालेला प्रत्येक माणूस एकच सांगायचा. "नळाचं पाणी आहे हो, बाई! घरीच धुतली!"

तिचं उत्तरही एकच. "असेल. पण पाण्यावर पत्ता लिहिलेला नसतो."

त्यामुळे लोक म्हणायचे, बाई फार कोरडी आहे. तिला ती शाबासकी वाटायची.

तिची एकुलती एक मुलगी त्या पलीकडच्या तलावाच्या गावात दिली होती. जावई फरश्या बसवायचा. पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याचे गुडघे पाहिले. घट्टे होते. म्हटलं, पोरगी चांगल्या घरी पडली. पण त्याला सासूची धास्ती होती. मला एकदा हळूच म्हणाला, "काका, सासूबाई माझ्याशी जरा कोरड्याच वागतात, नाही?"

"सगळ्यांशीच वागतात," मी म्हणालो. "तुमचं वेगळं काही नाही."

त्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने होडी बांधली. संध्याकाळी काम आटोपून, पट्टी पट्टी वाकवून, चिकटवून, घासून. आमच्या तलावावरच्या वार्षिक शर्यतीत ती उतरवायची, सासुरवाडीच्या लोकांसमोर, हे त्याने मनात धरलं होतं. मुलगी फोनवर आईला दुसरं काही सांगायचीच नाही. "आई, त्यांनी पॉलिश केलं. आई, त्यांनी वल्ही रंगवली."

"वाळवा म्हणावं नीट," आई एवढंच म्हणायची.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून गर्दी होती. बेकरीवाल्याची होडी नापास झाली. नांगराच्या दोराच्या वेटोळ्यात ओल होती.

"बाई, शपथेवर सांगतो, अंगणात धुतली. नळाचं पाणी."

"मांडणीवर."

"अहो, तुमच्या घरी रोज माझा पाव येतो!"

"पाव चांगला असतो. होडी ओली आहे."

तो तणतणत होडी मांडणीवर ठेवून आला आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसला. तेवढ्यात जावयाची गाडी आली. मागे गाड्यावर ती होडी, मधाच्या रंगाची, चकचकीत. बघणारे सगळे जवळ सरकले. इतकं नेटकं काम लाकडावर रोज दिसत नाही. मी सांधे पाहिले. चाकूचं पातंही शिरलं नसतं.

बेकरीवाल्याने मला कोपर मारलं. "आता बघू. आता घरचा माणूस आलाय."

बाईने नजर फिरवली. हात फिरवला. बूच काढलं, थेंब नाही. दोर सोडून पाहिले, कोरडे. जावयाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग ती बैठकीखाली वाकली, पार मागच्या फासळीच्या आड फडकं दाबलं आणि गालाला लावलं.

फडकं नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिलं. दुसऱ्या गालालाही लावलं. मग हातात धरून उभी राहिली.

"ओली आहे," ती म्हणाली.

"कसं शक्य आहे?" जावई म्हणाला. "आई, आठवडाभर अंगणात पालथी घातली होती. पाण्याला लावलीच नाही!"

"मानलं."

"मग?"

"आज ओली आहे."

मुलगी गाडीतून धावत आली. "आई, ते मी! मी धुतली. सकाळी उठून, बादली घेऊन."

"का?"

"कबुतरांनी नक्षी काढून ठेवली होती सगळ्या पाठीवर. म्हटलं, तू बघणार, तुला स्वच्छ दिसू दे. म्हणून आतूनही पाणी मारलं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "नळाचं पाणी आहे, आई."

"नळाचं पाणी!" बेकरीवाला आभाळाकडे बघून म्हणाला. हशा पिकला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईची मान लाल झाली होती. मी खटक्यावर हात ठेवून उभा होतो. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी मी सोडला असता. पण ती बघतच नव्हती.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?" मुलीने विचारलं.

"आहे. पण तुझ्या शब्दाने होडी वाळणार आहे का?"

हसून झाल्यावर बेकरीवाला उठला. माणूस तसा मोठ्या मनाचा. "जाऊ द्या बाई. जावई आहेत. माझी काही तक्रार नाही, खरंच."

"तुमची नसेल. पण त्यांची सोडली तर तुमची का अडवली, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि पुढच्या माणसाची कशी अडवू?"

"म्हणजे तू आधी धक्क्यावरची आणि मग आई," मुलगी म्हणाली. "बरं झालं कळलं. आता बोलवू नकोस मला." ती गाडीत जाऊन बसली. दार धाडकन लावलं.

बाईने फडकं खांद्यावर टाकलं आणि होडीचं एक टोक धरलं. "उचला," ती जावयाला म्हणाली.

त्याने वळून गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता होडी गाड्यावर चढवून निघून जाणार. गेला असता तर तिच्या लेकीचं माहेर तुटलं असतं, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. मग त्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी होडी गरम पाण्याने धुतली आणि मांडणीवर नेली, बेकरीवाल्याच्या होडीशेजारी. ठेवताना त्याने ती सरळ न ठेवता एका कुशीवर तिरकी केली, मागच्या फासळीपर्यंत ऊन जाईल अशी. बाईने ते पाहिलं.

"असंच," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मी म्हणालो, "म्हैस रिकामी आहे."

म्हैस म्हणजे आमची कामाची होडी. काळी, रुंद, जड. ती आमच्या तलावाबाहेर कधी गेलीच नव्हती, त्यामुळे तिला तपासायचा प्रश्नच नव्हता. पाण्यात बसायची ती खऱ्या म्हशीसारखी, हलायला तयार नसायची. शिवाय वल्ही ओढायला दोन माणसं लागत.

जावयाने बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने पोटावरून हात फिरवला. "नापास झालेल्यांची जोडी," तो म्हणाला. "चला, जावईबापू."

शर्यतीचं काय सांगू? शिट्टी वाजली तेव्हा सगळ्या होड्या निघाल्या, म्हैस जागीच. मग निघाली, पण तिरकी. बेकरीवाला ओरडत होता, "जोर लावा! जोर लावा!" आणि त्याचं स्वतःचं वल्हं पाण्याला गुदगुल्या करत होतं. ओढत होता जावई. पाय फळीला टेकवून, पाठ सरळ, प्रत्येक ओढ शेवटपर्यंत. हरणारा माणूस बहुधा अर्ध्यावर हात सैल सोडतो. याने सोडला नाही.

बाकीचे पोचले, टाळ्या झाल्या, चहा सुरू झाला. म्हैस अजून मधेच. कुणीतरी ओरडलं, "म्हैस! म्हैस!" मग सगळा किनारा ओरडू लागला. गाडीची काच खाली आली. मग दार उघडलं. शेवटी मुलगी उतारावर उभी राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती, "अहो, ओढा! त्या बेकरीवाल्यांना गप्प बसवा आणि ओढा!"

म्हैस पोचली तेव्हा पहिल्या नंबरालाही झाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या झाल्या. जावई उतरताना घसरला आणि कमरेपर्यंत भिजला. बाईने त्याच्या हातात कोरडं फडकं दिलं. "पुसा."

"हे पाणी इथलंच आहे, आई," तो म्हणाला. "चालेल ना?"

बाई हसली. मी तिला हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. मुलगीही हसली, पण लगेच तोंड फिरवलं. त्या दिवशी ती आईशी बोलली नाही. तशीच गेली.

पुढच्या रविवारी दोघं होडी न्यायला आले. ऊन आठवडाभर कडक पडलं होतं. मी विंच तयार ठेवलं होतं, न सांगता. बाईने नजर फिरवली, हात फिरवला. मागच्या फासळीच्या आड फडकं दाबलं. पण बाहेर काढल्यावर स्वतःच्या गालाला लावलं नाही. लेकीला म्हणाली, "इकडे ये."

मुलगी आली, जरा फुगलेलीच. बाईने फडकं तिच्या गालाला लावलं.

"कसं आहे?"

"कोरडं."

"नीट बघ."

मुलीने डोळे मिटले. फडक्यावर आईचा हात होता, त्यावर तिने स्वतःचा ठेवला. मग म्हणाली, "कोरडंठाक आहे गं, आई. तुझ्यासारखं."

बाईने फडक्याची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खटका सोडला.

होडी पाण्यावर टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, इतकी हलकी. जावई म्हणाला, "आई, बसा ना. पहिली फेरी तुमची."

"मी कुठे येऊ? अजून होड्या यायच्यात. तुम्ही जा."

मुलीने चपला काढून उतारावर ठेवल्या आणि अनवाणी पाण्यात शिरली. चार पावलं चालून होडीत चढली. तिच्या पायाला वाळू लागली होती. दुसरं काही नाही.